गावापुरता रेडिओ

रेडिओ केंद्र म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? गगनाला भिडलेला मनोरा, काचेआड बसलेला निवेदक आणि शेकडो किलोमीटर दूरच्या घरांत ऐकू येणारा त्याचा आवाज. केंद्र जितके मोठे, तितका त्याचा आवाज दूर जाणार, हे कोणीही सांगेल. मग एखाद्याने असे केंद्र उभारले, की ज्याचा आवाज जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर जाऊन थांबतो, तर तुम्ही काय म्हणाल? ‘बिचाऱ्याला पैसे कमी पडले असतील!’ असेच ना?

पण गंमत अशी, की भारतात अशी पाचशेच्या आसपास केंद्रे आहेत, आणि त्यांचा आवाज फार दूर जाऊ नये असा नियमच आहे. या केंद्रांना ‘सामुदायिक रेडिओ’ म्हणतात. एका लहानशा टापूतील लोकांनी, आपल्याच टापूतील लोकांसाठी, आपल्याच बोलीत चालवलेला हा रेडिओ. त्याचा आवाज लहान का ठेवला, आणि लहान आवाजाने कोणते मोठे काम होते, हे आज आपण पाहू.

माचनूरचे केंद्र

सोलापूरहून हैदराबादकडे निघालात, की उमरगा, हुमनाबाद मागे टाकल्यावर जहीराबाद लागते. हा भाग तेलंगण राज्याच्या संगारेड्डी जिल्ह्यात येतो. या परिसरात माचनूर नावाचे खेडे आहे. जमीन कोरडवाहू, ज्वारी, बाजरी, राळा, तूर अशी पिके एकाच शेतात मिसळून घेण्याची इथली जुनी पद्धत. ‘डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी’ ही संस्था १९८०च्या दशकापासून येथील गरीब शेतकरी स्त्रियांबरोबर काम करीत आली आहे. या स्त्रियांचे गावोगाव गट आहेत. त्यांना ‘संघम्’ म्हणतात.

१५ ऑक्टोबर २००८ रोजी माचनूरहून ‘संघम् रेडिओ’चे प्रसारण सुरू झाले. वारंवारता ९०.४ मेगॅहर्ट्‌झ. कार्यक्रम करणाऱ्या, ध्वनिमुद्रण करणाऱ्या आणि यंत्रे चालवणाऱ्या स्त्रिया दलित शेतकरी कुटुंबांतील. केंद्राची धुरा वाहणाऱ्या दोघींचे नाव एकच, नरसम्मा. म्हणून लोक एकीला ‘जनरल नरसम्मा’ आणि दुसरीला ‘अल्गोले नरसम्मा’ म्हणून ओळखू लागले. परदेशांतून अभियंते आणले नाहीत, की शहरातून निवेदक बोलावले नाहीत.

आता तुम्ही विचाराल, यंत्र चालवायला शिकणे इतके सोपे असते का? चला तर, आधी हे यंत्र काय करते तेच पाहू.

आवाजाचा प्रवास

समजा, एक आजीबाई मायक्रोफोनपुढे बसून बियाणे राखेत कसे जपून ठेवायचे ते सांगत आहेत. त्यांच्या बोलण्याने हवा कंप पावते. मायक्रोफोनमध्ये एक पातळ पडदा असतो. हवेबरोबर तोही थरथरतो आणि त्या थरथरीप्रमाणे कमीजास्त होणारा विजेचा अतिशय दुबळा प्रवाह निर्माण होतो. आवाजाचे विजेत रूपांतर झाले!

हा प्रवाह ‘मिक्सर’कडे जातो. मिक्सर म्हणजे सरकत्या बटणांची एक पेटी. आजींचा आवाज वाढवायचा, मागचे गाणे हळू करायचे, दुसऱ्या मायक्रोफोनवरील पाहुण्यांना मध्ये घ्यायचे, हे सारे त्या बटणांनी करता येते. कार्यक्रम आधी मुद्रित केलेला असेल, तर तो संगणकातून मिक्सरमध्ये येतो. आजीबाई मध्येच खोकल्या असतील तर तेवढा भाग संगणकावर कापून टाकलेला असतो.

पण विजेचा हा प्रवाह तारेतून जाऊ शकतो, हवेतून नव्हे. माणसाच्या आवाजात सेकंदाला काही शे ते काही हजार कंपने असतात. इतक्या संथ कंपनांची रेडिओ लहर करायची, तर शेकडो किलोमीटर लांबीचा एरियल लागेल. म्हणून एक युक्ती करतात. सेकंदाला कोट्यवधी वेळा कंप पावणारी एक वेगवान लहर तयार करतात आणि आवाजाला तिच्यावर स्वार करतात. या लहरीला ‘वाहक लहर’ म्हणतात. संघम् रेडिओची वाहक लहर ९०.४ मेगॅहर्ट्‌झची आहे, म्हणजे ती सेकंदाला ९ कोटी ४ लाख वेळा कंप पावते.

या लहरीची लांबी काढणे अगदी सोपे आहे. रेडिओ लहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर जातात. या संख्येला ९ कोटी ४ लाखांनी भागा. उत्तर येते सुमारे ३.३२ मीटर. साध्या एरियलची लांबी लहरीच्या निम्मी असली की तो उत्तम काम करतो. म्हणजे या केंद्राला १.६६ मीटरचा, तुमच्या ताईच्या उंचीएवढा एरियल पुरतो! पूर्वी घरोघरी मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्‌झला आकाशवाणीचे पुणे केंद्र लावीत. त्या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर भरते. मध्यम लहरींच्या केंद्रांना एवढाले उंच मनोरे का लागतात, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

झोपाळ्याची युक्ती

वाहक लहरीवर आवाज स्वार करण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिल्या रीतीत आवाजाप्रमाणे लहरीचा आयाम, म्हणजे तिची उंची, कमीजास्त करतात. मध्यम लहरींचे केंद्र असे चालते. या रीतीत एक दोष आहे. आकाशात वीज चमकली, शेजारी मिक्सर सुरू झाला, की त्यांतून निघणाऱ्या लहरीदेखील आपल्या लहरीची उंची कमीजास्त करतात. रेडिओला बिचाऱ्याला काय कळणार! तो त्यालाही आवाजच समजतो आणि खरखर ऐकवतो.

दुसऱ्या रीतीत लहरीची उंची तीच राहते, बदलते ती वारंवारता. हीच ‘एफएम’ रीत. अमेरिकन अभियंता एडविन आर्मस्ट्राँग याने ती परिपूर्ण केली आणि १९३३ मध्ये तिचे एकस्व मिळवले. एफएम समजण्यासाठी झोपाळा डोळ्यांपुढे आणा. झोपाळा स्थिर आहे तेव्हा लहर बरोबर ९०.४ वर आहे. बोलणे सुरू झाले की ती या जागेच्या दोन्ही बाजूंना झोके घेऊ लागते. आवाज मोठा, तर झोका लांब. स्वर उंच, तर सेकंदाला होणाऱ्या झोक्यांची संख्या जास्त. सेकंदाला ४४० कंपनांचा स्वर गायलात, तर सेकंदाला ४४० झोके होणार. झोका कितीही लांब गेला, तरी मधल्या जागेपासून ७५ किलोहर्ट्‌झच्या पलीकडे जाऊ द्यायचा नाही, असा दंडक आहे. म्हणजे आजीबाईंचा आवाज ९०.३२५ आणि ९०.४७५ यांच्या दरम्यान हिंदकळत राहणार.

घरातील रेडिओ हे झोके मोजतो आणि त्यांवरून मूळचा आवाज पुन्हा तयार करतो. लहरीच्या उंचीशी त्याला कर्तव्य नसते. विजेच्या कडकडाटाने उंची वाढली, तर तो वाढलेला शेंडा कापून टाकतो. म्हणून पावसाळ्यातही एफएमचा आवाज स्वच्छ येतो.

शंभर वॅट म्हणजे किती?

आता मुख्य गोष्टीकडे वळू. भारतातील नियमाप्रमाणे सामुदायिक रेडिओला साधारणपणे १०० वॅटपर्यंत प्रभावी शक्तीने प्रसारण करता येते. पूर्वी घरोघरी असलेला पिवळ्या उजेडाचा मोठा दिवा १०० वॅटचा असे. कपड्यांची इस्त्री हजार वॅट घेते. म्हणजे एका इस्त्रीच्या दहाव्या हिश्शात एक रेडिओ केंद्र!

‘प्रभावी’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. विजेरीतील दिवा इवलासा असतो, पण त्यामागील चकचकीत वाटीमुळे उजेड एका दिशेला एकवटतो. एरियलही तसेच करतो. वर आकाशात आणि खाली जमिनीत जाऊन फुकट जाणारी शक्ती तो आडव्या दिशेला वळवतो. त्यामुळे ५० वॅटचा प्रक्षेपकही चांगल्या एरियलच्या साहाय्याने १०० वॅटचे काम करू शकतो.

ही शक्ती दूर जाता जाता किती विरळ होते पाहा. १०० वॅट सर्व दिशांना सारखे पसरले असे धरले, तर १० किलोमीटरवर एका चौरस मीटरच्या वाट्याला एका वॅटचा सव्वाकोटीवा भाग येतो. अंतर दुप्पट केले की हा वाटा चौपट कमी होतो. म्हणजे २० किलोमीटरवर पाचकोटीवा भाग. रेडिओ एवढ्यावरही आवाज पकडू शकतो, हे त्याचे कौतुकच! पण मध्ये टेकडी, इमारती, दाट झाडी आली की एवढेही उरत नाही.

दुसरे कुंपण पृथ्वीच्या गोलाईचे. एफएमच्या लहरी साधारणपणे प्रकाशासारख्या सरळ जातात. त्या क्षितिजाखाली फारशा वळत नाहीत. मनोऱ्यावरून किती दूरचे दिसेल, हे काढण्याचे एक सोपे सूत्र आहे: मनोऱ्याच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढा आणि त्याला ३.५७ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये मिळते. सामुदायिक रेडिओचा एरियल जमिनीपासून ३० मीटरपेक्षा उंच नसावा, असा नियम आहे. ३० चे वर्गमूळ सुमारे ५.४८. त्याला ३.५७ ने गुणले की १९.६ किलोमीटर येतात. हवेमुळे लहरी किंचित वाकतात, म्हणून त्या याहून थोड्या पुढे जातात, इतकेच. नियमात कमीत कमी उंचीही दिली आहे, १५ मीटर. ती कशासाठी? एरियलच्या अगदी जवळ लहरी तीव्र असतात. माणसांनी त्यांच्या फार जवळ राहू नये, यासाठी.

एकच क्रमांक, अनेक गावे

तर मग शक्ती कमी, मनोरा ठेंगणा. ही कंजुषी कशाला? तिचे उत्तर ९०.४ या आकड्यातच दडले आहे.

माचनूरपासून पश्चिमेला सुमारे तीनशे किलोमीटरवर, आपल्या सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यात म्हसवड गाव आहे. तेथे ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ मध्येच सुरू झाले. त्याचा क्रमांक? ९०.४! मध्य प्रदेशात ओरछा येथील ‘रेडिओ बुंदेलखंड’चा क्रमांक ९०.४. तमिळनाडूत रामेश्वरमजवळ पांबन बेटावर मच्छीमारांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘कडल ओसै’चा, म्हणजे ‘सागरध्वनी’चा, क्रमांकही ९०.४. मग यांची आपसांत टक्कर कशी होत नाही?

कारण प्रत्येकाचा आवाज आपल्या टापूतच संपतो. प्रत्येक गल्लीत चार क्रमांकाचे घर असते, पण पोस्टमनचा गोंधळ होत नाही, तसेच हे. एफएममध्ये आणखी एक सोय आहे. एकाच वारंवारतेवर दोन केंद्रांच्या लहरी रेडिओत शिरल्या, तर तो त्यांतील सबळ लहर धरतो आणि दुबळीला जवळजवळ दाबून टाकतो. मध्यम लहरींवर अशा वेळी दोन्ही आवाज मिसळून शिटी ऐकू येते.

आता विचार करा. ९०.४ वर एकच प्रचंड केंद्र उभारले असते, तर शेकडो किलोमीटरच्या परिसरात एकाच केंद्राला बोलता आले असते. आवाज लहान ठेवल्यामुळे त्याच एका आकड्यावर तेलुगू, मराठी, बुंदेली, तमिळ बोलणारी माणसे एकाच वेळी आपापल्या गावाशी बोलू शकतात. वारंवारता ही शेतासारखी आहे, ती वाढवता येत नाही. पण तिचे लहान लहान तुकडे केले, तर पुष्कळांच्या वाट्याला येते.

क्रिकेटचा सामना आणि न्यायालय

हा वाटा मिळायला मात्र फार काळ लागला. आपल्याकडे १८८५च्या तारविषयक कायद्यामुळे प्रक्षेपक चालवण्याचा अधिकार सरकारकडे होता. स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ वर्षे रेडिओ म्हणजे आकाशवाणी, असेच समीकरण होते. आकाशवाणीने शेतकऱ्यांसाठी, कामगारांसाठी, मुलांसाठी उत्तम कार्यक्रम केले. पण एका केंद्राला अनेक जिल्हे सांभाळायचे असले, म्हणजे एखाद्या तालुक्यातील चार गावांच्या विहिरींबद्दल त्याने किती बोलावे?

बदल घडला तो क्रिकेटमुळे! १९९३ मध्ये ‘हीरो चषक’ स्पर्धेचे सामने दूरचित्रवाणीवर कोणी दाखवायचे, यावरून वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते. निकालाचा आशय असा: प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचा वापर सर्वांच्या हितासाठी, नियमांखाली व्हावा, त्यावर कोणा एकाची मक्तेदारी असू नये.

यानंतर २००२ मध्ये सरकारने शिक्षणसंस्थांना लहान रेडिओ केंद्रे चालवू देण्याचे धोरण आणले. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे ‘अण्णा एफएम’ सुरू झाले. पण खेड्यांतील संघटनांना वाव मिळाला तो नोव्हेंबर २००६ च्या नव्या धोरणाने. किमान तीन वर्षे त्या भागात काम केलेली, नफा न मिळवणारी संस्था आता अर्ज करू शकत होती. राजकीय पक्षांना किंवा एकट्यादुकट्या व्यक्तीला मात्र केंद्र मिळत नाही. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तेथेच तयार झालेले असावेत, अशीही अट आहे.

माचनूरच्या स्त्रियांनी या दिवसाची वाट किती पाहिली असेल! त्यांचे ध्वनिमुद्रणाचे घर १९९०च्या दशकाच्या अखेरीस युनेस्कोच्या साहाय्याने तयार झाले होते. मायक्रोफोन होते, यंत्रे होती, शिकलेल्या मुली होत्या. नव्हता तो फक्त परवाना. म्हणून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी कार्यक्रम तयार केले, ते कॅसेटवर उतरवले आणि संघम्‌च्या बैठकींत टेपरेकॉर्डरवर ऐकवले. प्रक्षेपक नाही, तर पायी चालणारी माणसे! असे एक-दोन नव्हे, सुमारे दहा वर्षे चालले. त्यामुळे प्रत्यक्ष प्रसारण सुरू झाले तेव्हा त्यांचा हात चांगलाच बसलेला होता. आणि उद्घाटनाला कोण आले होते ठाऊक आहे? तेच न्यायमूर्ती सावंत. ज्यांनी कागदावर लहरी मोकळ्या केल्या, त्यांच्याच हस्ते त्या माळरानावर आल्या.

संध्याकाळचे सात

सुरुवातीला संघम् रेडिओचे प्रसारण रोज संध्याकाळी ७ ते ९ असे. हीच वेळ का? शेतावरून परतलेल्या बायका त्या वेळी घरी असतात. चूल पेटलेली असते, हात कामात असतात, पण कान मोकळे असतात. दूरचित्रवाणी पाहायची तर काम सोडून बसावे लागते आणि वर्तमानपत्र वाचायचे तर अक्षरओळख लागते. रेडिओला या दोन्ही गोष्टी लागत नाहीत.

कार्यक्रमांत असते तरी काय? कोणते बी कोणत्या नक्षत्रावर पेरावे, कीड लागली तर घरच्या घरी काय उपाय करावा, बाळंतिणीने काय खावे, सणांची आणि जात्यावरची गाणी, जुन्या गोष्टी. तुम्ही म्हणाल, हे तर त्यांना माहीतच असते. बरोबर, पण एकीला माहीत असलेले दुसऱ्या गावातल्या दुसरीला माहीत नसते. शिवाय आपली बोली, आपले ज्ञान रेडिओवर येण्याच्या योग्यतेचे आहे, हे त्या प्रथमच ऐकत होत्या. ज्यांना गावच्या बैठकीत बोलायला कोणी सांगत नसे, त्यांचा आवाज आता घराघरांत जात होता.

प्रत्येक टापूची गरज निराळी. पांबनच्या मच्छीमाराला वारा किती, लाटा किती उंच, आज होडी घालावी की नाही, हे हवे असते. माणदेशात पाणी, चारा आणि शेळ्यामेंढ्या यांचे प्रश्न. म्हणून एका गावचा कार्यक्रम दुसऱ्या गावी जसाच्या तसा चालत नाही, आणि चालू नये यासाठीच तर केंद्रे लहान आहेत.

संकटाच्या वेळी

आपल्या माणसांचा रेडिओ जवळ असणे हा काही नुसता हौसेचा मामला नाही. कधी कधी तो जिवाचा प्रश्न होतो. यासाठी क्षणभर जपानमध्ये जाऊ.

१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे शहराला भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. त्या आपत्तीत ६,४०० हून अधिक माणसे मेली. शहराच्या नागाता भागात पादत्राणांचे पुष्कळ लहान कारखाने होते आणि कोरियन व व्हिएतनामी कुटुंबे मोठ्या संख्येने राहत होती. भूकंपामागून तेथे आगी लागल्या. पाणी कोठे मिळेल, निवारा कोणत्या शाळेत आहे, या सूचना मिळत होत्या, पण जपानी भाषेत. ज्यांना जपानी नीट येत नव्हती, त्यांनी काय करावे?

कोरियन मंडळींना आणखी एक भीती होती. १९२३ मध्ये टोकियो परिसरातील भूकंपानंतर कोरियन लोकांविषयी खोट्या अफवा उठल्या आणि त्या अफवांपायी अनेकांच्या हत्या झाल्या होत्या. पुन्हा तसे घडू नये, म्हणून खरी बातमी लवकर पोहोचणे जरुरीचे होते. भूकंपाला दोन आठवडे होण्यापूर्वीच, ३० जानेवारीला, तेथे कोरियन आणि जपानी भाषांत अगदी कमी शक्तीचे एक केंद्र सुरू झाले. त्याचे नाव ‘एफएम योबोसेयो’. फोन उचलल्यावर आपण ‘हॅलो’ म्हणतो, तसे कोरियन लोक ‘योबोसेयो’ म्हणतात. काही महिन्यांतच व्हिएतनामी आणि इतर भाषांसाठी दुसरे केंद्र निघाले, आणि जुलै १९९५ मध्ये दोन्ही एक होऊन ‘एफएम वायवाय’ जन्माला आले.

देशभर ऐकू जाणारे मोठे केंद्र भूकंपाची बातमी सांगते. पुढच्या चौकातील नळाला पाणी आले आहे, हे सांगायला मात्र शेजारचेच केंद्र लागते. शिवाय रेडिओ एका वेळी हजारोंना ऐकू जातो. सगळ्यांनी एकदम फोन केले म्हणून तो बंद पडत नाही. आणि ऐकणाऱ्याला विजेची जोडणी नसली तरी चालते, दोन सेल पुरे.

अडचणीही आहेत

सामुदायिक रेडिओ चालवणे मात्र सोपे नाही. वीजबिल, दुरुस्ती, कार्यकर्त्यांचे मानधन यांसाठी पैसा लागतो. जाहिराती घेता येतात, पण त्यांच्या वेळेला मर्यादा आहे. २०२४ च्या नियमांप्रमाणे ती तासाला १२ मिनिटे आहे. शिवाय खेड्यातील दुकानदार जाहिरातीला किती देणार? आपल्या बातम्या आपणच तयार करून देण्यास या केंद्रांना मुभा नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात. आणि आता हातोहाती मोबाइल आले आहेत. जगभरचे गाणेबजावणे खिशात असताना गावचा रेडिओ ऐकावा असे वाटायचे, तर त्यात इतर कोठेही न मिळणारे काहीतरी असले पाहिजे. ते म्हणजे आपल्या गावची गोष्ट. ती ज्या केंद्राने सोडली, त्याच्याजवळ मग नुसता प्रक्षेपक उरतो.

करून पाहा

१. तुमच्याकडे लांब होणारा एरियल असलेला रेडिओ असेल, तर एखादे थोडे अस्पष्ट येणारे एफएम केंद्र लावा. त्याच्या वारंवारतेवरून लहरीची लांबी काढा आणि तिचा चौथा हिस्सा करा. ९०.४ साठी तो सुमारे ८३ सेंटीमीटर येतो. एरियल तेवढा लांब करून, मग अगदी आखूड करून, उभा आणि आडवा धरून आवाजात काय फरक पडतो ते वहीत लिहा. मोबाइलमधील एफएम इअरफोनची तार जोडल्यावाचून बहुधा का चालत नाही, हे तुम्ही आता स्वतःच सांगू शकाल.

२. चालू रेडिओ पत्र्याच्या रिकाम्या डब्यात ठेवून झाकण लावा. आवाज नुसता दबतो, की केंद्रच नाहीसे होते? हाच प्रयोग पुठ्ठ्याच्या खोक्यात करा आणि दोहोंतील फरकाचे कारण शोधा.

३. रेडिओवर मध्यम लहरी येत असतील, तर त्या लावून जवळच मोठ्यांना स्वयंपाकघरातील मिक्सर सुरू करायला सांगा. मग एफएम लावून पुन्हा ऐका. आर्मस्ट्राँगची करामत तुमच्या कानांना पटेल.

एक सूचना मात्र ध्यानात ठेवा. परवान्यावाचून प्रक्षेपक तयार करून चालवणे हा गुन्हा आहे. तुमच्या लहरी विमानांच्या किंवा पोलिसांच्या संदेशांत अडथळा आणू शकतात.

पण माचनूरच्या स्त्रियांनी प्रक्षेपकावाचून दहा वर्षे रेडिओ चालवला, तसा तो तुम्हांलाही चालवता येईल. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करता येतेच. गावातल्या सुईणबाईंना, विहीर खणणाऱ्या गवंड्याला, नदीला आलेला मोठा पूर पाहिलेल्या आजोबांना पाच मिनिटे बोलते करा. त्यांची परवानगी घ्या, प्रश्न आधी लिहून काढा, आणि ते बोलत असताना मध्ये बोलू नका. मग ते मुद्रण शनिवारी शाळेच्या ध्वनिवर्धकावर सर्वांना ऐकवा. तुमचे प्रसारण शाळेच्या कुंपणापलीकडे जाणार नाही, पण त्याने काही बिघडत नाही. ज्यांच्यासाठी ते केले, ती मुले कुंपणाच्या आतच बसलेली असतील.